उदासीसारखं

चहात साखर घालायला मी विसरले आणि तिने तो चहा संपवला.

घडलं ते एवढंच. सकाळी सव्वासातला माझ्या लेकीने मला रोजच्यासारखं पलंगावरून उठवून वॉकरला धरून उभं केलं, मी पाय ओढत स्वयंपाकघरापर्यंत गेले, उंच स्टुलावर टेकले आणि दोघींचा चहा केला. एकदा उभी केली की मी चालते. निजल्याचं बसणं आणि बसल्याचं उठणं तेवढं माझ्याच्याने होत नाही. खुब्याचं हाड दोनदा मोडल्यावर घरातलं एक तरी काम आपलं असावंसं वाटतं, म्हणून सकाळचा चहा मी माझ्याकडे ठेवला आहे. तिने कप उचलला, संगणक सुरू होईपर्यंत खिडकीपाशी उभी राहून प्यायली, कप विसळून पालथा घातला आणि टेबलाशी जाऊन बसली. मग मी माझा कप तोंडाला लावला. नुसतं उकळलेलं तुरट पाणी. थुंकायला बेसिन चार पावलांवर होतं. तेवढं जाण्यापेक्षा गिळलं. ही मुलगी लहानपणी अडीच चमचे साखर घ्यायची. हिचे वडील म्हणायचे, हिच्या चहात चमचा उभा राहतो, हिला चहा कशाला देता, पाकच द्या. सेहेचाळीस वर्षांची झाली तरी दोन चमच्यांच्या खाली आली नव्हती.

"चहा कसा झाला होता गं?" मी स्टुलावरूनच विचारलं.

"चांगला होता की."

"आणि साखर?"

"बरोबर होती." तिने मान वर केली नाही. "का? तुला गोड झाला का?"

मी नाही म्हटलं. नळाला एक थेंब लोंबत होता, तो पडेपर्यंत बघत बसले. का विचारलं ते तिला सांगायचं म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जाऊन सुरुवात करावी लागली असती.

मी अकरा वर्षं एका संशोधन संस्थेच्या प्राणिघरात कामाला होते. तळघरातली लांबट खोली, दोन्ही बाजूंना कपाटासारखे रॅक, त्यांवर पिंजरे, पिंजऱ्यांत पांढरे उंदीर. लोकांना वाटतं तिथे घाण वास येत असेल. येतो, पण त्याखाली लाकडाच्या भुशाचा एक गोडसर, उबदार वास असायचा, आणि सकाळी दार उघडलं की तीनशे जीव एकदम हलल्याची ती खसखस. मला ती फार आवडायची. त्या वयात घरी सासू, दीर, एक तान्हं मूल, सगळी वाट बघत असायची ती माझ्याकडून काहीतरी मिळावं म्हणून. इथेही तसंच होतं, पण इथले बोलत नव्हते. एप्रन चढवला की मी हलकी व्हायचे. आमच्या मॅडम वरच्या मजल्यावर बसायच्या. उंच, करड्या केसांच्या, चष्मा नेहमी डोक्यावर आणि हातांनी टेबलावर चष्मा शोधणाऱ्या. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दोन बाटल्यांची चाचणी शिकवली. एका बाटलीत साधं पाणी, दुसऱ्या बाटलीत अगदी थोडी साखर घातलेलं. दोन्ही पिंजऱ्याला लावायच्या, दुसऱ्या दिवशी काढून वजन करायचं, कुठली किती रिकामी झाली ते लिहायचं. आणि मध्ये एकदा बाटल्यांच्या जागा बदलायच्या, कारण उंदराला उजवी-डावीची सवय लागते; साखरेसाठी जातो की सवयीने जातो ते कळलं पाहिजे. सुखात असलेला उंदीर साखर सोडत नाही. जागा बदलली तरी हुंगून तिकडे जातो, पाच घोटांतले चार तिथलेच घेतो. ज्यांना आम्ही पाच-सहा आठवडे छळलेलं असायचं, त्यांतले पुष्कळसे मात्र जिकडे तोंड वळेल तिकडचं प्यायचे. साखर त्यांच्यापुढे असायची. जीभ तीच असायची. तहानही असायची. फक्त एवढंसं अंतर चालून गोडापर्यंत जावं असं त्यांना वाटेनासं व्हायचं.

मी पहिल्यांदा तक्त्यात लिहिलं, 'उंदीर क्रमांक नऊ, उदास'. मॅडमनी ते खोडलं. म्हणाल्या, "उदास नाही लिहायचं. उदासीसारखं वर्तन. त्याला काय वाटतं ते आपल्याला ठाऊक नाही, तो काय करतो तेवढंच दिसतं. 'सारखं' गाळू नका, सगळं विज्ञान त्या 'सारखं'मध्ये आहे." मी हो म्हटलं आणि मग अकरा वर्षं तो शब्द लिहिला. आपल्याकडे त्या शब्दाला दोन तोंडं आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. सारखं म्हणजे त्याच्याजोगतं, आणि सारखं म्हणजे न थांबता. सारखा पाऊस, सारखी कटकट. लिहिताना माझा हात कधी एका अर्थाने चालायचा, कधी दुसऱ्या.

त्या दिवशी दुपारभर मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. माझी खोली आणि जेवणाचं टेबल समोरासमोर आहे, दार उघडं असतं, म्हणून मला दिवसभर तिची पाठ दिसते. ती पाणीपुरवठ्याच्या नळांचे आराखडे काढते. कुठल्या रस्त्याखालून कुठला नळ जातो, कुठे झडप, कुठे वळण, हे सगळं पडद्यावर निळ्या रेघांत. आधी कार्यालयात जायची. माझा खुबा दुसऱ्यांदा मोडला तेव्हा तिने ते काम घरी मागून घेतलं, आपलं बिऱ्हाड मोडून माझ्याकडे आली. त्याला अडीच वर्षं झाली. पहिल्या वर्षी ती आराखडे काढताना गुणगुणायची, चुकलं की संगणकाला शिव्या द्यायची, मध्येच ओरडायची, "आई, बघ, या गल्लीखाली पन्नास वर्षं जुना नळ आहे, कुणाला पत्ताच नाही!" मला नळातलं काय कळतं? पण मी म्हणायचे, हो का, अगं बाई. हे कधी थांबलं? मी आठवायला लागले. तारीख सापडेना. भिंतीवरचं घड्याळ बंद पडल्याचं जसं आपल्याला नंतर कधीतरी कळतं, आणि मग वाटतं, टिकटिक शेवटची कधी बरं ऐकली होती? लहानपणी ती इतकं बोलायची की हिचे वडील हिला टिटवी म्हणायचे. झोपेतही बोलायची. मी दमून घरी यायचे आणि म्हणायचे, अगं टिटवे, जरा गप बस, एक मिनिट गप बस. तेव्हा ती बसली नाही कधी.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन कप भरले. एकात दोन चमचे साखर, एकात नाही. दोन्ही ओट्याच्या कडेला ठेवले आणि म्हटलं, "कुठलाही घे, एक थोडा गोड आहे." तिने तिच्या बाजूचा उचलला. बिनसाखरेचा. तिसऱ्या दिवशी जागा बदलल्या. तिने पुन्हा तिच्या बाजूचा उचलला. आज गोड होता. चेहरा तोच. चौथ्या दिवशी मी गोड कप अगदी एक हात लांब ठेवला. तिचा हात जवळच्या कपाकडे गेला. आपण काय करतो आहोत याची मला लाज वाटत होती, आणि तरी पाचव्या आणि सहाव्या दिवशीही मी ते केलं, कारण हातांना जुनं काम सापडलं होतं आणि एकदाच का होईना ती लांबचा कप उचलेल असं मला वाटत होतं. चुकून तरी.

मंगळवारी व्यायामाची बाई आली. ती आठवड्यातून दोनदा येते, माझा पाय उचलते, वाकवते, आणि तेवढ्या वेळात सगळ्या इमारतीच्या बातम्या सांगते. "आजी, उचला, उचला पाय. शोभेला ठेवलाय का?" मी तिला हळूच म्हटलं, "माझी लेक तुला कशी वाटते?" तिने पाय खाली ठेवला. "ताई ना? थकल्यात. त्यांना जरा बाहेर पाठवा. मी बसते की तुमच्यापाशी तासभर, मला कुठे विमान पकडायचंय?" मग आम्ही दोघींनी मिळून तिला बाहेर काढलं. "जा, पिक्चर बघ, बागेत जा, कुणाला तरी भेट," मी म्हटलं. ती बरं म्हणाली. जाते म्हणाली. चपला घातल्या आणि गेली. व्यायामाच्या बाईने मला तिच्या नणंदेची सगळी हकिकत सांगितली, मी अर्धी ऐकली, आणि तासाने टिटवी परत आली. "बरं वाटलं का?" "हो, बरं वाटलं." शुक्रवारी बाईने माझा पाय वाकवताना मान खाली घालून सांगितलं, "आजी, ताई त्या दिवशी कुठे गेल्याच नव्हत्या. मी उतरले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या म्हातारबाबांनी सांगितलं. तासभर तळाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, किल्ली विसरलात का, तर हो म्हणाल्या."

मॅडम मला एकदा वर बोलावून म्हणाल्या होत्या, तुम्ही यांना सांभाळता, यांच्या डोक्यात काय होतं ते तुम्हाला कळायला हवं. त्यांनी कागदावर एक झाड काढलं, फांद्या-फांद्यांचं, आणि म्हणाल्या, ही मेंदूतली पेशी. मेंदूत एक वाढीचं द्रव्य असतं, ते या पेशींना जगवतं, नवे फाटे फुटायला मदत करतं. त्याचं नाव लांबलचक होतं, मी त्याला खत म्हणायला लागले. त्या हसल्या. म्हणाल्या, खत म्हणा, पण तक्त्यात लिहू नका. छळ लांबला की मेंदूच्या एका वळणदार भागात, जिथे आठवणींची कामं चालतात म्हणतात तिथे, ते खत कमी झालेलं दिसायचं. फांद्या आखडायच्या. सगळ्यांच्यात नाही, काही उंदीर शेवटपर्यंत टणक राहायचे आणि ते का, हे कुणालाच सांगता यायचं नाही. काहींना औषध दिलं की तीन आठवड्यांनी पुन्हा साखरेकडे वळायचे, खतही वाढलेलं मिळायचं. "मग माणसाचंही असंच असेल का?" मी विचारलं होतं. मॅडमनी डोक्यावरचा चष्मा टेबलावर शोधला. "उंदीर म्हणजे माणूस नव्हे," त्या म्हणाल्या. "पण माणसाचं डोकं उघडून बघता येत नाही ना, म्हणून हे बिचारे."

आणि छळ म्हणजे तरी काय? रक्त नाही, मारहाण नाही. आज पिंजरा तिरका करून ठेवायचा. उद्या दिवा चोवीस तास चालू. परवा शेजारी अनोळखी उंदीर. कधी काही तासांची भूक, कधी कानाशी खडखडाट. प्रत्येक गोष्ट इतकी किरकोळ की बघणाऱ्याला हसू यावं. पहिल्या तुकडीला मॅडमनी रोज ठरल्या वेळी एकच त्रास दिला होता आणि तो प्रयोग फसला. उंदीर आठवड्यात सरावले, त्रास संपला की निवांत झोपायला लागले. त्रास कधी येणार हे ठाऊक असेल तर तो सोसता येतो, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. मग मॅडमनी बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. रोज सकाळी मी डोळे मिटून एक काढायचे. काय, किती वाजता, किती वेळ, काही ठरलेलं नाही. तेव्हा कुठे उंदरांनी साखर सोडली.

टिटवीच्या आयुष्यातल्या चिठ्ठ्या कोण काढतं, हे मी दोन दिवस शोधत होते. आधी मी तिच्या साहेबावर ठपका ठेवला, तो केव्हाही फोन करतो. मग माझ्या मुलावर. धाकटा परदेशी असतो, रविवारी फोन करतो, आणि दर वेळी म्हणतो, "ताई आहे म्हणून मला काळजी नाही." दुपारी पडल्या-पडल्या मी हे सगळं मनात मांडत होते, साहेबाला एक बाजू, मुलाला दुसरी, आणि मला तहान लागली. "अगं ए," मी हाक मारली. आणि मला तिची पाठ दिसली. हाकेबरोबर तिचे दोन्ही खांदे कानांकडे गेले, एवढेसे, एक बोटभर, आणि मग खाली आले, आणि ती उठली. तिने पाणी दिलं. गेली. पंधरा मिनिटांनी मला संडासला जायचं झालं. अगं ए. खांदे वर. मग उशी घसरली. मग दीड तास काही नाही, आणि या दीड तासात मी त्या पाठीकडे टक लावून पाहिलं. ती काम करत नव्हती. निळ्या रेघेवर बाण थांबलेला होता. ती वाट बघत होती.

मग मी हाकांना वेळ लावायचं ठरवलं. साडेनऊ, साडेबारा, साडेतीन, सहा. यांखेरीज हाक मारायची नाही. तिला सांगितलं, "मध्ये मी बोलावणार नाही, तू निश्चिंत काम कर." ती "बरं" म्हणाली. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचं शरीर घड्याळ बघत नाही. पहिल्या दिवशी मी अकरा वाजता दात दाबून पडले, सव्वाअकराला हाक मारली. दुसऱ्या दिवशी खोकल्याचा ठसका लागला, ती धावत आली. हाक मारायची नाही म्हणून मी श्वास रोखून धरायचे, तर माझी चाहूल लागत नाही म्हणून ती दर अर्ध्या तासाने दारात येऊन उभी राहायला लागली. पूर्वी हाक आली तर ती घाबरायची. आता नाही आली तर घाबरायची. मी चिठ्ठ्या कमी केल्या नव्हत्या, नुसत्या कोऱ्या काही घातल्या होत्या.

रविवारी धाकट्याशी बोलताना मी तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, "ताईला डॉक्टरकडे न्यायला हवं रे."

"का? काय झालं? ताप?"

"ताप नाही. तिला गोड कळत नाही."

"अगं, मग चांगलंय की! या वयात साखर कमीच बरी." तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसले नाही. "आई, ताई नेहमीच शांत होती गं."

"ती टिटवी होती रे," मी म्हटलं.

"काय?"

तो तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला समज येईपर्यंत ती मोठी झाली होती. त्याला कुठून आठवणार? मी म्हटलं, "तू ये. महिनाभर ये." त्याने सुट्ट्यांचं काहीतरी सांगितलं, पुढच्या वर्षीचं. त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं. मी त्यालाच धीर दिला आणि फोन ठेवला.

मॅडमना न सांगितलेली एक गोष्ट आहे. एका तुकडीत सतरा नंबरचा एक उंदीर होता, डाव्या कानाला खाच असलेला. पिंजऱ्यात हात घातला की तो माझ्या मनगटावर चढून बसायचा आणि हात बाहेर काढू द्यायचा नाही. माझी टिटवी तेव्हा अशीच दारात पायाला मिठी मारायची, कामावर जाऊ द्यायची नाही. तर त्या सतराला मी चिठ्ठीतून वगळायला लागले. इतर तिरके, तो सरळ. इतरांना दिवा, त्याच्यावर मी फडकं टाकायचे. पाच आठवडे. तक्त्यात मात्र सगळ्यांबरोबर त्याच्याही नावापुढे खूण करायचे. चाचणीत तो साखरेचं पाणी प्यायला, इतरांपेक्षा कितीतरी जास्त. नंतर त्याचंही खत मोजलं, म्हणजे त्याला मारलंच. त्यातून मी त्याला वाचवू शकणार नव्हतेच. आकडा भरपूर आला. मॅडम जिना उतरून तळघरात आल्या, त्या कधी येत नसत. म्हणाल्या, "हा टणक निघाला! याच्यात काहीतरी आहे." आणि त्याच्या भावंडांची पिल्लं वाढवून, चाळीस उंदरांची वेगळी तुकडी करून, त्यांना आठ आठवडे छळ लावला, पूर्वीपेक्षा कडक, की याच्या रक्तात ते काय आहे ते सापडावं. चिठ्ठ्या मीच काढायचे. एकदाही चूक केली नाही. वर जाऊन 'मॅडम, तो टणक नव्हता, मी लबाडी केली' एवढं बोलायला मला आठ आठवडे होते. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. ते चाळीसही बाकीच्यांसारखेच निघाले. मॅडमनी निःश्वास टाकला आणि दुसरा विषय घेतला. त्यांना जाऊनही आता वीस वर्षं झाली.

मी टिटवीला सांगून टाकायचं ठरवलं. शनिवारी तिने मला आंघोळ घातली, केस पुसत होती, तोंड समोर नसलं की बोलणं सोपं जातं. मी सगळं सांगितलं. विसरलेली साखर, दोन कप, बदललेल्या जागा, उंदरांच्या बाटल्या, मेंदूतलं खत. पायरीचंही सांगितलं. टॉवेल थांबला नाही.

"पाच दिवस हे करत होतीस?"

"हो."

"आणि मी काय निघाले? पास की नापास?"

"असं बोलू नकोस गं."

"मग आता पुढे काय? डोकं उघडून खत मोजणार?" ती हसली, म्हणजे नाकातून हवा बाहेर आली. "आई, मी उंदीर आहे का?"

"नाहीस. म्हणून तर म्हणते, तुला डॉक्टरकडे जाता येतं. त्यांना येत नव्हतं. औषधं असतात, बोलून बरं वाटतं, लोक बरे होतात."

"आणि डॉक्टरला काय सांगू? चहात साखर नव्हती ते मला कळलं नाही?"

"हो. तेच सांग."

"बघू."

"बघू नको, जा. मी फोन करते, वेळ घेते. आणि मला ठेव कुठेतरी. अशी घरं असतात, आमच्यासारख्यांची. महिनाभर ठेव."

"सारखं काय गं आई," ती म्हणाली. वैतागून नव्हे. दमून, जसं कुणी खूप लांबून बोलावं. "सारखं काहीतरी. बघू म्हटलं ना? मान वर कर." मी मान वर केली. तिने हनुवटीखालचं पाणी पुसलं. तिचा हात फार हळुवार होता. हे ती कुणाकडून शिकली? मी हिला असं कधी पुसलं होतं?

तसा तिचा नकार नव्हता. म्हणूनच मला काही धरता येत नव्हतं. भांडली असती तर मी भांडले असते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, जेवणाचं ताट न्यायला ती माझ्या खोलीत आली. ताट उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि पलंगाच्या कडेला बसली. "जरा टेकते," म्हणाली. मी सरकायचा प्रयत्न केला. ती आडवी झाली, पाय खालीच, डोकं माझ्या धड असलेल्या मांडीवर, आणि दोन मिनिटांत तिला झोप लागली. खरी झोप. तोंड उघडं पडलं, हात सैल झाला. तिच्या केसांत भांगालगत दोन बोटं पांढरं होतं, ते मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ती रात्रीची झोपत नाही हे मला माहीत होतं. आमच्या दोन खोल्यांतली भिंत पातळ आहे आणि जागी दोघीही असतो. मी तिच्या कपाळावर हात ठेवला नाही. जागी होईल म्हणून. नुसता हवेत धरला. कितीतरी दिवसांनी मला सुखासारखं काहीतरी वाटत होतं. झोपू दे. तास झोपू दे, दोन तास झोपू दे, संध्याकाळपर्यंत झोपू दे. झोपेत म्हणे मेंदू दुरुस्त होतो, व्यायामाची बाई सांगत होती. खिडकीच्या गजांची सावली कपाटाच्या दारावर होती. ती कपाटाच्या मुठीपर्यंत पोचेपर्यंत तरी.

सावली मुठीपर्यंत पोचायच्या आधीच मला लघवीला जायचं झालं. मी दुसरीकडे मन घालवलं. आमच्या जुन्या घराच्या पायऱ्या मोजल्या, शाळेतल्या मैत्रिणींची आडनावं आठवली. माझ्या नुसत्या घसा खाकरण्याने ती उठली असती. अर्धी हाक पुरली असती. ती उठली असती, काही न बोलता, मला धरून नेलं असतं, आणि पुन्हा तिला अशी झोप कधी लागली असती? मी पोटाशी घट्ट झाले. घाम आला. सावली मुठीवर आली, मुठीच्या पुढे गेली. तिचा श्वास खोल, संथ चालला होता. मग माझ्या हातात काही उरलं नाही. सोडून दिल्यावर क्षणभर, खरं सांगते, मला बरं वाटलं. आधी ऊब. मग ती ऊब पसरत तिच्या गालापर्यंत गेली आणि तिने डोळे उघडले.

ती उठून बसली. गालाला हात लावला, हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उभी राहिली. बाहेर गेली, तोंड धुतल्याचा आवाज आला, आणि परत आली ती बादली, टॉवेल, चादर, रबरी कापड आणि माझा धुतलेला गाऊन घेऊन. मला कुशीवर वळवलं. चादर माझ्याखालून गुंडाळत ओढली. गादीकडे पाहिलं, गादीही भिजली होती. ती एकटीला उचलता येणारी नव्हती, आणि रविवारी कुणी मदतीलाही नव्हतं. तिने त्यावर रबरी कापड घातलं.

"तू झोपली होतीस म्हणून," मी म्हटलं. "म्हणून बोलावलं नाही."

"हं."

"किती दिवसांनी झोपली होतीस."

"हो."

"अगं, रागव ना माझ्यावर. एकदा तरी रागव. ओरड."

"कशाला?" ती म्हणाली. तिला खरोखरच कळलं नव्हतं. तिने मला बसतं केलं, पाठीला उशी लावली. "हात वर कर."

मी दोन्ही हात वर केले. तिने ओला गाऊन कमरेपासून गोळा करत वर घेतला, पोट, छाती, हनुवटी, आणि तो माझ्या तोंडावरून वर जाता-जाता कोपरांपाशी अडकला. कापडातून खिडकीचा उजेड पिवळा दिसत होता. आंबूस वास होता, माझाच, आणि माझा श्वास माझ्याच तोंडावर परत येत होता. आता ती ओढेल म्हणून मी वाट पाहिली. तिने ओढलं नाही. तिच्या बोटांचा भार माझ्या मनगटांवर होता, तो तसाच होता. ती रडते आहे का, म्हणून मी कान दिला. रडण्याचा आवाज नव्हता. मला एवढंच कळत होतं की ती उभी आहे, पुढचं काय करायचं ते तिच्यापाशी उरलेलं नाही, आणि हात वर करून बसलेल्या मला ते तिला सांगता येण्यासारखं नाही. मग तिच्या बोटांचा भारही गेला. पावलं वाजली नाहीत. कापडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, ती होती.